तिचा आय-९४

सकाळी सात

उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे सात वाजतात तेव्हा भारतात दुपारचे साडेचार झालेले असतात. कुणाचा तरी पासपोर्ट व्हिसाचं स्टॅम्पिंग होऊन नुकताच हातात पडलेला असतो, आणि मी घराबाहेर पडायच्या आधीच फोन वाजतो. एडिसनजवळच्या एका इमिग्रेशन वकिलांकडे मी पॅरालीगल आहे. सल्ला वकील देतात. कागद जमवणं, तपासणं, फॉर्म भरणं माझ्याकडे. मराठी बोलते म्हणून पुणे, नाशिक, सांगलीकडची कुटुंबं वकिलांच्या आधी मलाच गाठतात.

आजचा फोन चिंचवडचा. लग्न गेल्या वर्षी झालं, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर डॅलसला, हिच्या मुलाखतीची तारीख दोनदा पुढे गेली होती. "ताई, आला एकदाचा व्हिसा! शुक्रवारचं विमान आहे." तिचा आनंद फोनमधून ऐकू येत होता. तिला म्हटलं, आता पासपोर्टचं पहिलं पान आणि व्हिसाचं पान दोन्ही समोर धर आणि मला एकेक अक्षर वाचून दाखव. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, खालच्या ओळीतलं नवऱ्याचं नाव आणि त्याचं पिटिशन संपण्याची तारीख. आडनावापाशी ती अडखळली. पासपोर्टवर आहे त्यातला एक 'ए' व्हिसावर नव्हता. एजंटाने भरलेल्या डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जातच तो सुटला होता, आणि तसाच पुढे सरकला.

"एकच अक्षर आहे ताई. चालून जाईल ना?"

नाही म्हणावं लागलं. व्हिसावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर विमान कंपनीच्या काउंटरवर अडतं. तिथून सुटलं तर अमेरिकेत उतरताना अडतं. आणि तिथूनही सुटलं तर ती चूक पुढच्या प्रत्येक कागदात शिरते. मग बँकेत एक नाव, लायसन्सवर दुसरं. भारतात असताना व्हिसावरची अक्षरचूक दूतावासाला कळवून, पासपोर्ट परत देऊन दुरुस्त करून घेता येते. इथे आल्यावर ते होत नाही, कारण अमेरिकेच्या आत व्हिसा छापूनच मिळत नाही. म्हणून विमान पुढे ढकलायला सांगितलं. ती रडवेली झाली. इतके महिने वाट पाहिल्यावर आणखी थांब म्हणून सांगणं जड जातं, पण ते आजच सांगितलेलं बरं.

आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत नावाचं काम दुप्पट असतं. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही एकत्र. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. मग पासपोर्ट माहेरच्या नावाने, विवाह नोंदणीचा दाखला त्याच नावाने, पण सासरच्यांनी काढलेलं आधार नव्या नावाने. मी प्रत्येकीला एकच सांगते: पासपोर्टवर जे आहे ते, तसंच्या तसं, सगळीकडे. नाव बदलायचंच असेल तर आधी पासपोर्टात बदला आणि मगच अर्ज करा.

साडेनऊ

ऑफिसात आल्यावर पहिलं काम म्हणजे ज्यांची फाइल उघडायची आहे त्या प्रत्येकाचा आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून काढणं. माणूस काय म्हणतो ते नंतर ऐकायचं.

तीन कागद आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं. व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत येण्याची परवानगी. आय-७९७ म्हणजे नवऱ्याचं पिटिशन किंवा बायकोची मुदतवाढ मंजूर झाल्याचं पत्र. आणि आय-९४ म्हणजे दारात उभ्या अधिकाऱ्याने केलेली नोंद: या व्यक्तीला कोणत्या प्रकारात आत घेतलं आणि कोणत्या तारखेपर्यंत. इथे किती दिवस राहता येईल ते या तिसऱ्या नोंदीवरून ठरतं. व्हिसावर २०२८ असेल आणि आय-९४ वर २०२६, तर मुक्काम २०२६ पर्यंतच.

पूर्वी आय-९४ चं पांढरं कार्ड पासपोर्टात टाचून मिळायचं. पान उलटताना ते बोटाला लागायचं, त्यावर शाईने लिहिलेली तारीख डोळ्यांखालून जायची. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते कार्ड बंद झालं आणि नोंद संगणकात गेली. ज्याला हवी त्याने संकेतस्थळावर जाऊन नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकून काढायची. ही सोय चांगलीच आहे. पण हातात कागद पडत नाही म्हणून कुणी तो वाचत नाही, हेही मी रोज पाहते. त्यातही नवऱ्याचा आय-९४ कुणीतरी बघतंच. त्याच्या कंपनीचे वकील असतात, एचआर असतं, पिटिशन वाढवायची वेळ आली की ते प्रिंट मागतात. बायकोचा कुणीच मागत नाही. तिची मुदतवाढ आय-५३९ या वेगळ्या अर्जाने होते, त्याची फी वेगळी, सही तिची. कंपनीने ते काम केलं तर केलं, नाही तर घरच्यांवर.

संकेतस्थळावर नाव सापडत नाही म्हणून घाबरलेल्या दोघींचे निरोप होते. दोघींनी गिव्हन नेममध्ये फक्त स्वतःचं नाव टाकलं होतं. वडिलांचं नावही जोडा, असं लिहून पाठवलं. दहा मिनिटांत दोघींना मिळालं.

अकरा

आजचं मोठं काम नाशिकच्या एका मुलीचं. एम.फार्म. झालेली, गेल्या डिसेंबरच्या १० तारखेला एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याची बायको म्हणून, आली. नवऱ्याचा आय-१४० मंजूर आहे, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत त्याचा नंबर लागलेला आहे, आणि अशा एच-४ जोडीदाराला २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमाने कामाचा परवाना मागता येतो. त्या ईएडीचा अर्ज भरायलाच ती गेल्या आठवड्यात आली होती. मी सवयीप्रमाणे आय-९४ काढला. त्यावर प्रकार होता बी-२, म्हणजे पर्यटक, आणि मुदत ९ जून. आज जूनची ३ तारीख.

असं का झालं ते पासपोर्ट चाळल्यावर कळलं. लग्नाआधी ती बॉस्टनला बहिणीकडे येऊन गेली होती. तेव्हाचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा त्याच पासपोर्टात अजून चालू आहे, आणि एच-४ त्याच्या दोन पानं पुढे. विमानतळावर अधिकाऱ्यासमोर पासपोर्ट पहिल्या व्हिसापाशी उघडला गेला आणि नोंद पर्यटक म्हणून झाली. पर्यटकाला सहसा सहा महिने मिळतात, तेवढेच मिळाले. ती सहा महिने एच-४ वर आहोत असं समजून राहिली, तिकडे सरकारी नोंदीत ती पाहुणी. हा आय-९४ जोडून ईएडीचा अर्ज गेला असता तर नामंजूरच झाला असता. आणि अर्जाचा विचारच कुणी केला नसता तर पुढच्या मंगळवारनंतर तिचं राहणंच बेकायदा मोजलं गेलं असतं.

अशी चूक दुरुस्त होते, हे आधी सांगते, कारण लोक हबकून थेट भारताचं तिकीट काढतात. देशात शिरताना झालेली चूक असेल, म्हणजे प्रकार चुकीचा, तारीख चुकीची, नावात घोळ, तर बहुधा विमानतळावरच असलेल्या डिफर्ड इन्स्पेक्शनच्या कार्यालयात जाऊन ती सुधारून मिळते. त्याला फी नाही. काही ठिकाणी ईमेलवर काम होतं, काही ठिकाणी वेळ घेऊन जावं लागतं. चूक जर मुदतवाढीच्या मंजुरीपत्रावर, आय-७९७ च्या खाली जोडलेल्या आय-९४ मध्ये असेल, तर ती ज्या खात्याने छापली त्या यूएससीआयएसकडे जावं लागतं, विमानतळावर नाही. चुकीच्या दारात गेलेल्या माणसाचे आठवडे फुकट जातात.

फाइल लावली: मूळ पासपोर्ट, दोन्ही व्हिसांच्या पानांच्या प्रती, आय-९४ ची प्रिंट, नवऱ्याचा आय-७९७ आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या, महानगरपालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, विमानाचा बोर्डिंग पास. वर एक पानाचं पत्र, त्यात चारच वाक्यं: कोणत्या दिवशी आले, कोणत्या व्हिसावर आले, नोंद काय झाली, काय असायला हवी. लांबलचक विनवणी लिहायची नाही. समोरच्या माणसाला दोन मिनिटांत चूक दिसली पाहिजे.

दुपारी पाऊण

विमानतळाच्या आवारातलं ते कार्यालय शोधायलाच वेळ लागतो. नवरा रजा काढून आला होता, दोघांचे पासपोर्ट त्याच्या बॅगेत, फाइल त्याच्या हातात. खिडकीपाशी बोलावलं तेव्हा तोच पुढे झाला. मी त्याला बाजूला बसायला सांगितलं. नोंद तिची आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीपाशी, कोणतं पान उघडलं हे तिला विचारणार, आणि उत्तर तिनेच द्यायला हवं. शिवाय हे लोक तिला पुढेही भेटणार आहेत, प्रत्येक प्रवासात.

ती गेली. आवाज सुरुवातीला बारीक होता. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही त्या दिवशी कोणत्या कारणाने आलात? "नवऱ्याजवळ राहायला. एच-४ वर." तिने पासपोर्ट उघडून आधी एच-४ चं पान दाखवलं, मग जुन्या व्हिसाचं, आणि मग आय-९४ च्या प्रिंटवर बी-२ वर बोट ठेवलं. त्याने आय-७९७ मागितला, लग्नाचा दाखला पाहिला, आत कुणाला तरी विचारून आला. थोड्या वेळाने नवी प्रिंट खिडकीतून सरकवली आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

ती वळली नाही. आम्ही ऑफिसात जसं वाचलं होतं तसं, खिडकीपाशीच उभं राहून, बोट फिरवत तिने तो कागद वाचला. प्रकार एच-४ झाला होता. पण मुदत तशीच, ९ जून. तिने पुन्हा पुढे होऊन सांगितलं: प्रकार बरोबर झाला, धन्यवाद, तारीख मात्र माझ्या नवऱ्याच्या मंजुरीप्रमाणे पुढच्या वर्षीची हवी. अधिकाऱ्याने पाहिलं, मान हलवली, दुरुस्त केलं. पाच मिनिटांचं काम. ती दारातून बाहेर पडली असती तर याच कामासाठी पुन्हा यावं लागलं असतं, आणि कदाचित ९ जूननंतर.

बाहेर आल्यावर नवऱ्याने पासपोर्ट बॅगेत ठेवायला हात पुढे केला. तिने स्वतःचा स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मला फार बरं वाटलं.

तीन

दिवसातली सगळी कामं अशी सुटत नाहीत. तीनला सांगलीकडचं एक जोडपं आलं, सोबत चार वर्षांचा मुलगा, इथेच जन्मलेला. नवऱ्याच्या एच-१बीची मुदत २०२८ पर्यंत, बायकोचा व्हिसाही तेवढाच. ते आले होते ते दुसऱ्याच कामासाठी, कंपनी बदलायची होती म्हणून. मी दोघांचे आय-९४ काढले. नवऱ्याचा ठीक. बायकोचा १२ फेब्रुवारीला संपलेला.

गेल्या वर्षी ते भारतातून परतले तेव्हा तिच्या पासपोर्टची मुदत थोडी उरली होती. अशा वेळी अधिकारी आय-९४ बहुधा पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देतात, व्हिसा कितीही पुढचा असला तरी. त्यांच्या दृष्टीने ही चूक नाही, म्हणून डिफर्ड इन्स्पेक्शनमध्ये गेलं तरी ती सुधारून मिळत नाही. पासपोर्टचं नूतनीकरण तिने वेळेवर, जानेवारीतच केलं होतं, आणि आता सगळं रीतसर झालं अशा समजुतीत होती. पासपोर्ट नवा आला म्हणून आय-९४ आपोआप पुढे जात नाही. त्यासाठी फेब्रुवारीच्या आत आय-५३९ भरायचा, किंवा एकदा देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत यायचं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"कंपनीच्या वकिलांनी कागद पाहिले होते ना?" मी विचारलं.

"माझे पाहिले होते," नवरा म्हणाला.

मुदत संपून आज १११ दिवस झाले. हा हिशेब मला समोर बसून सांगावा लागला. १९९६ च्या कायद्याने, बेकायदा वास्तव्य १८० दिवसांवर गेलं आणि मग माणूस देश सोडून गेला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष उलटलं तर दहा वर्षं. म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याआधी हालचाल हवी. वकिलांनी दोन वाटा समजावल्या. एक, उशिराचा आय-५३९ भरून झालेला उशीर माफ करण्याची विनंती करणं. तो अधिकार अधिकाऱ्याचा आहे, आणि उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे पटवावं लागतं. माहीत नव्हतं एवढं कारण सहसा पुरत नाही. तो नाकारला गेला तर मधले दिवस हातचे जातात. दुसरी वाट, १८० दिवसांच्या आत भारतात जाणं आणि नव्याने स्टॅम्पिंग करून येणं. मुदतीपलीकडे राहिलं की आधीचा व्हिसा रद्दबातल होतो, त्यामुळे २०२८ ची तारीख छापलेला तो शिक्का आता उपयोगाचा नाही. आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली तेव्हा भारतातल्या कितीतरी मुलाखती महिनोन्‌महिने पुढे गेल्या. तिकडे गेली तर कधी परतेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

ती एवढंच म्हणाली, "याला सप्टेंबरात शाळेत घालायचं होतं." मुलगा माझ्या टेबलावरचे स्टेपलचे तुकडे गोळा करत होता.

मला या व्यवस्थेचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. ज्या एका तारखेवर माणसाचं राहणं अवलंबून आहे, ती त्याच्या हातात कागदावर दिली जात नाही, आणि ती कमी केली तर तोंडी सांगण्याचंही कुणावर बंधन नाही. पण राग घरी ठेवून फाइल पुढे न्यावी लागते. त्यांनी रात्रभर विचार करून उद्या सांगतो म्हटलं. जाण्याकडे कल दिसला. माझ्या मते तेच बरोबर. वकिलांचंही मत तेच पडलं.

पाच

ईमेलवरची कामं. शिकागोच्या एका बाईंचं उत्तर आलं होतं. त्या एल-२ वर, म्हणजे कंपनीने बदली करून आणलेल्या कर्मचाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर एल-२ जोडीदारांना वेगळ्या ईएडीशिवाय काम करता येतं; पण त्यासाठी आय-९४ वर नुसतं एल-२ नाही, एल-२एस लिहिलेलं लागतं. ते 'एस' अक्षर जोडीदारासाठी, ३० जानेवारी २०२२ पासून आलेलं. यांच्या नोंदीत ते नव्हतं, आणि नव्या नोकरीचं एचआर रुजू करून घ्यायला तयार नव्हतं. गेल्या आठवड्यात तिकडच्या कार्यालयाला ईमेल केला होता, आज दुरुस्त नोंद आली. सोमवारी त्या कामावर जातील.

नाशिकच्या मुलीचा ईएडीचा अर्ज, आय-७६५, भरून सहीसाठी बाजूला ठेवला. चिंचवडहून निरोप होता: विमान पुढे ढकललं, दूतावासाला लिहिलं.

रात्री साडेआठ

ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला थांबले तर मागून हाक आली. ओळखीच्या वहिनी. "अगं, आमच्या सुनेचं स्टॅम्पिंग झालं, तीन वर्षांचा मिळाला, आता काळजी मिटली." मी विचारलं, इथे उतरल्यावर आय-९४ काढून पाहिलात का? तो काय असतो, त्या म्हणाल्या. तिथेच, कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी उभं राहून त्यांच्या फोनवर संकेतस्थळ उघडून दिलं आणि सुनेला फोन लावायला सांगितला.

अमेरिकेत जोडीदाराच्या व्हिसावर राहणाऱ्या प्रत्येकीला, आणि प्रत्येकालाही, माझी विनंती आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःचा आय-९४ स्वतः काढा. नाव, प्रकार आणि तारीख ही तीन पाहा. ती तारीख पासपोर्टच्या मुदतीशी जुळत असेल तर पासपोर्टचं नूतनीकरण झाल्या झाल्या वकिलांना विचारा. प्रत्येक प्रवासानंतर, विमानतळावरून घरी पोचायच्या आत, हे पुन्हा करा. चूक त्याच आठवड्यात दाखवली तर बहुतेक वेळा बिनखर्चात सुधारते. आणि तुमचा पासपोर्ट तुमच्याजवळ ठेवा.